कसाऱ्याहून ‘स्पीच’ शिकायला निघताना

बारावी सायन्स झाल्यावर मेडिकल हुकलं, नर्सिंग नको, फार्मसी सगळेच करतात, आणि कोणीतरी सांगतं, “बीएएसएलपी बघ.” बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. चार वर्षांचा कोर्स: तीन वर्षं शिक्षण, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. ऐकू न येणारी मुलं, उशिरा बोलणारी, बोबडं किंवा अडखळत बोलणारी, टाळू फाटलेली, लकव्यानंतर वाचा गेलेली माणसं, घास गिळता न येणारे रुग्ण, आवाज बसलेले मास्तर, या सगळ्यांसाठीचं हे शिक्षण. विद्यार्थी आपसांत त्याला नुसतं ‘स्पीच’ म्हणतात. कसारा, खर्डी, डोळखांब, किन्हवली, मुरबाड, टोकावडे इथल्या घरांतून हा कोर्स धरणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. आधीच सांगतो, यात अभ्यासाइतकीच लोकलही येईल.

मुंबईत या शिक्षणाची दोन जुनी ठिकाणं आहेत. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात 1966 सालापासून हे शिकवलं जातं. वांद्रे पश्चिमेला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, स्थापना 9 ऑगस्ट 1983. ज्यांचं नाव तिला दिलं ते अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. पुण्यात भारती विद्यापीठातही हा कोर्स आहे. प्रवेशाची तऱ्हा संस्थेप्रमाणे बदलते. राज्याच्या सीईटी कक्षाकडून होणारे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, केंद्राच्या संस्थेची जाहिरात वेगळी निघते. त्यामुळे एकच फॉर्म भरून निर्धास्त बसू नका. आणि कुठेही पैसे भरण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, त्या कॉलेजच्या त्या कोर्सला त्या वर्षासाठी मान्यता आहे ना, हे परिषदेच्या यादीत स्वतः बघा. मान्यता नसेल तर पुढे नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय पदवी भिंतीवर लावण्यापुरतीच.

आता गाडी. कसाऱ्यापासून सीएसएमटी सुमारे 120 किलोमीटर. दादरपर्यंतच दोन तासांहून जास्त लागतात. तिथे पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, मग वांद्रे किंवा मुंबई सेंट्रल, मग बस किंवा चालणं. दारापासून दारापर्यंत तीन तास धरा, येताना तेवढेच. शिवाय कल्याण ओलांडलं की गाड्या विरळ होतात. एक हुकली की पुढचीसाठी तासभरही थांबावं लागतं. मुरबाडकरांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण किंवा बदलापूर गाठायचं.

“आमच्या गावातली माणसं रोज नोकरीला जातातच की,” असं घरून ऐकू येईल. जातात, हे खरं. पण या कोर्सचं हत्यार तुमचा कान आहे. सकाळी पहिल्या केसला बसाल तेव्हा मूल ‘स’ म्हणालं की ‘श’ म्हणालं, हे तुम्हाला त्याच क्षणी ओळखायचं असतं. श्रवणयंत्र नीट चालतंय का हे बघायला आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज रोज तपासतात; डॅनियल लिंग यांच्या नावाने ती चाचणी ओळखली जाते. स्टेथोस्कोपसारखी नळी लावून यंत्राचा आवाज आधी स्वतः ऐकायचा असतो. ऑडिओमीटर सुरू केल्यावर तो ठीक आहे का, याची सकाळची पहिली तपासणीही आपल्याच कानांवर होते. तीन तास प्रवास करून आलेला, अर्धवट झोपेतला कान इथे चालत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: पहिल्या वर्षी कसाऱ्याहून रोजचा प्रवास करू नका. वसतिगृहाची चौकशी प्रवेश मिळाला त्याच दिवशी करा, कारण जागा आधी भरतात आणि कारणं नंतर ऐकली जातात. जागा मिळाली नाही तर कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याला मामा-मावशीकडे सोमवार ते शुक्रवार राहा. त्यात संकोच कसला? मामाच्या मुलाचा अभ्यास घ्या, भाजी आणून द्या, राहणं फिटतं. पैशांची अडचण असेल तर शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्याच्या योजना आहेत: आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. जेवणाखाण्याची आणि राहण्याची रक्कम थेट बँक खात्यात येते. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या असतात आणि बदलतात. म्हणून शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात किंवा ठाण्याच्या समाज कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, शेजारच्याने सांगितलं त्यावर थांबू नका. जात वैधता प्रमाणपत्राचं काम बारावीचा निकाल लागायच्या आधीच लावून ठेवा. गुण असूनही त्या एका कागदापायी मुलं मागे राहतात.

ज्यांना रोज यावंच लागतं त्यांच्यासाठी थोडं. पास तीन महिन्यांचा काढा, दर महिन्याची रांग वाचते. कॉलेजच्या शिक्क्याचा फॉर्म नेला की विद्यार्थी सवलत मिळते, आणि त्या फॉर्मवर मार्ग दादरमार्गे पश्चिमेच्या स्टेशनापर्यंत लिहून घ्या, नाहीतर दादरला रोज वेगळं तिकीट. कसाऱ्याला गाडी सुरू होते, बसायला मिळतं, हे आपलं भाग्य; आसनगावकरांना विचारा. ही बसण्याची जागा झोपेसाठी वापरा. गाडीत पाठांतर होतं हा भ्रम आहे. पण जर्नलच्या आकृत्यांना नावं देणं, कालच्या केसची नोंद वाचणं, असली हलकी कामं होतात. भजनी मंडळाचा डबा ओळखून ठेवा. टाळ-मृदंग मलाही आवडतात, पण सकाळी झोपायचं असेल तर दुसरा डबा बरा. आणि हेडफोन. गाडीच्या खडखडाटावर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज चढवला जातो आणि तो तिथेच राहतो. 85 डेसिबलचा आवाज 8 तासांपर्यंत सोसावा, आणि पुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते, हा हिशेब तुम्ही पहिल्याच वर्षी शिकाल. तो आधी स्वतःला लावा. गोंगाटानंतर ऐकण्याची पातळी काही तासांपुरती खाली येते, आणि नेमक्या त्या तासांत तुमचं क्लिनिक असतं.

पावसाळ्याची वेगळी तयारी लागते. जुलै 2021 मध्ये उंबरमाळी स्टेशन पाण्यात गेलं आणि कसारा घाटात रुळांखालची खडी वाहून गेली, हे आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. जून ते सप्टेंबर या काळात वर्गात एक जोडी कपडे, एक पांढरा अ‍ॅप्रन आणि जर्नलच्या झेरॉक्स मैत्रिणीकडे ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री मुंबईतच मुक्काम करा. गाडी बंद पडल्याचं कारण प्रॅक्टिकलच्या बाहेरच्या परीक्षकापुढे फार चालत नाही. सुपरवायझरला मात्र प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा की तुम्ही कसाऱ्याहून येता. आधी सांगितलेलं कारण असतं, नंतर सांगितलेली सबब ठरते.

वर्गात पहिली अडचण इंग्रजीची येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मग शहापूर किंवा मुरबाडच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात कानाच्या आतली, घशातली, मेंदूतली नावं अंगावर येतात. फिजिक्समधलं ध्वनिशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान एकदम सुरू होतं. यावर तोडगा एकच: उद्याच्या तासाचं पान आज वाचून जा, समजलं नाही तरी. आणि प्रत्येक व्याख्या आधी मराठीत, आपल्या आजीला कळेल अशी लिहा, मग इंग्रजीत पाठ करा. वायवात अडखळणारी बहुतेक मुलं इंग्रजीत नाही, अर्थात अडखळतात.

एका ठिकाणी मात्र तुम्ही पुढे आहात. ध्वनींच्या आंतरराष्ट्रीय लिपीचा तक्ता पाहून इंग्रजी माध्यमातली मुलं दचकतात. तुम्ही पहिलीत तो तक्ता पाठ केलेला आहे. क-वर्ग घशाजवळचा, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांचा. प्रत्येक ओळीत आधी अघोष, मग घोष, शेवटी नाकातला. आंतरराष्ट्रीय तक्ता हीच मांडणी ओठांकडून घशाकडे करतो, एवढाच फरक. ‘चमचा’मधला ‘च’ आणि ‘चहा’मधला ‘च’ वेगळे आहेत हे देवनागरी लिहून दाखवत नाही, पण तुमच्या जिभेला ठाऊक आहे. आरशासमोर उभं राहून प्रत्येक अक्षराला जीभ कुठे लागते ते बघा. हा तक्ता एका संध्याकाळी हाती येतो, बाकीच्यांना महिना लागतो.

क्लिनिक बहुधा आधी नुसतं बघण्याने सुरू होतं, मग केस हातात येते. पिशवीत टॉर्च, जीभ दाबायच्या पट्ट्या, हातमोजे, छोटा आरसा, फुगे, साबणाचे बुडबुडे, घड्याळ आणि चित्रकार्डं लागतात. कार्डं विकत घेऊ नका. बाजारातल्या संचात लिफ्ट, पियानो आणि पेंग्विन असतात. डोळखांबच्या मुलाला त्यांचं नाव विचारलं आणि ते गप्प बसलं, तर ते त्याचं भाषेचं अपयश नाही, चित्राचं आहे. स्वतःच्या मोबाईलने फोटो काढून छापा: विळा, टोपली, इरलं, चिंबोरी, करवंदं, भाताची लोंबी, एसटी, हातपंप, पाण्याचा टँकर. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी मुंबईला पाजणाऱ्या तालुक्यातल्या पोरांना टँकरचं चित्र ओळखायला एक क्षणही लागत नाही. वांद्र्याच्या मुलांसाठी दुसरा संच ठेवा. त्यांना इरलं कुठून कळणार?

आता जिथे थांबून बोलायला हवं ती गोष्ट. उच्चारांची चाचणी घेताना तुमच्यासमोर कल्याण-भिवंडीकडच्या आगरी घरातलं पाच वर्षांचं मूल येईल. ते ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणेल, ‘पाणी’ला ‘पानी’, ‘डोळा’ला ‘डोला’. फॉर्मवर तीन चुका पडतील: ड चा र, ण चा न, ळ चा ल. घाईतला विद्यार्थी तिन्ही लिहून मोकळा होतो आणि मुलाला ‘ळ’ शिकवायला बसतो. दारात बसलेल्या आईशी दोन मिनिटं बोललात तर कळेल की तीही तसंच बोलते, आजीही तसंच. ही बोली आहे, दोष नाही. तेच मूल ‘कावळा’ला ‘कावला’ म्हणालं तर सोडून द्या. ‘तावला’ म्हणालं तर मात्र थांबा, कारण घरात कोणीही क चा त करत नाही, आणि पाच वर्षांच्या वयात तो जायला हवा होता. एकाच शब्दात एक अक्षर बोलीचं आणि एक अक्षर उपचाराचं असू शकतं. हे ऐकणारा कान प्रमाण मराठीच्या घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला मेहनतीने कमवावा लागतो. तुमच्या वर्गात बाकावर आगऱ्यांची, कुणब्यांची, ठाकरांची मुलं शेजारी होती, तुम्हाला तो जवळजवळ फुकट मिळालेला आहे. ‘गावठी बोलतोस’ म्हणून कोणी हसलं असेल, तर ते आठवून बोली झाकू नका. केस पेपर लिहिताना तीच कामाला येईल.

म्हणून केस हिस्टरीत नाव आणि वय लिहून झालं की तिसरा प्रश्न असा विचारा: घरात कसं बोलता? ‘मराठी’ एवढं उत्तर घेऊन पुढे जाऊ नका. शाळेत प्रमाण मराठी, घरी ठाकरी, बाजारात हिंदी, असं एकाच मुलाचं असतं. आणि एक प्रामाणिक सूचना. कसाऱ्याचे आहात म्हणून कातकरी येतेच असं समजू नका. पाड्यावरची म्हातारी लकव्यानंतर दोनच शब्द बोलत असेल, तर ते शब्द कातकरी आहेत की तुटलेली मराठी, हे तिची सूनच सांगू शकेल. तिला आत बोलवा, खुर्ची द्या, तिच्याकडून शब्द लिहून घ्या. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून प्रत्यक्ष बोलण्याची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. पाठ्यपुस्तकात नसलेला हा अभ्यास हेडफोन लावून करण्याजोगा आहे, बेताच्या आवाजात.

केसेसबद्दल गाडीत बोलू नका. हे वेगळं सांगावं लागतं, कारण कसारा लोकल हे लांबलचक गावच आहे. “आज आटगावची एक मुलगी आली होती” एवढं वाक्य खर्डीपर्यंत नावानिशी पोचतं. रेकॉर्डिंग करताना पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलाचा व्हिडिओ मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका, फोन हरवला तर त्यात काय आहे याचा आधी विचार करा.

आवाज जपा. दिवसभर मुलांशी चढ्या सुरात बोलायचं, परत डब्यात ओरडून बोलायचं, यात तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःचाच घसा बसतो. पाण्याची बाटली सोबत ठेवा. डब्यात तांदळाची भाकरी आणि कोरडी भाजी उत्तम, संध्याकाळपर्यंत टिकते आणि वडापावचे पैसे वाचतात. मुलांसोबत जमिनीवर बसावं लागतं, म्हणून कपडे तसे घाला. नखं छोटी ठेवा. लहान मूल पहिल्या दिवशी तुमच्याकडे बघणारही नाही. तुम्ही केलेला सुंदर लेसन प्लॅन ते चावून टाकेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, चावलेला कागद सुपरवायझरला दाखवा, त्यांनाही हसू येईल.

मग गाव विचारायला लागेल. पहिल्या सेमिस्टरलाच. “तुझं ते बोलण्याचं डॉक्टर ना? आमच्या नातवाला बघ जरा.” दाराशी चार वर्षांचं मूल उभं असेल आणि सोबत सल्ले तयार असतील: वेखंड उगाळून चाटवलंय, मामाही उशिराच बोलला होता, शाळेत गेलं की बोलेल. ओठ फाटलेल्या बाळाच्या आईला गावाने ग्रहणात भाजी चिरल्याचा दोष आधीच दिलेला असतो. कान फुटला तर कोमट तेल ओतलेलं असतं. इथे वाद घालू नका, उपचारही सुरू करू नका. आरसीआयच्या नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि अर्धवट ज्ञानाने दिलेला धीर घातक असतो. ‘बोलेल हळूहळू’ हे तुम्ही म्हणालात की आजी तुमच्या नावावर आणखी दोन वर्षं थांबेल. त्या आईला एवढं मात्र सांगा की तिची काही चूक नाही, आणि कानात तेल ओतणं आजपासून बंद.

तुम्ही खात्रीने करू शकाल असं एक काम आहे: योग्य दार दाखवणं. जन्मलेल्या बाळाची श्रवणचाचणी महिन्याच्या आत, शंका असेल तर निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहा महिन्यांपर्यंत व्हावी, असं जगभर मानलं जातं. आपल्या पाड्यांवर मूल तीन वर्षांचं होऊनही ‘ऐकतं की, भांडं पडलं की वळतं’ इथेच विषय संपतो. 2013 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला सांगून त्या मुलाचं नाव पथकापर्यंत पोचवा. मूल ऐकतं का, याची तपासणी आधी, बोलणं मागाहून. वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते. पात्र मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळतं. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलाचे फोटो आणि आधीचे सगळे कागद न्यायला सांगा. पहिल्या फेरीत कागद कमी पडला तर कसाऱ्याच्या कुटुंबाची एक दिवसाची मजुरी जाते आणि दुसऱ्या फेरीला ते येत नाहीत.

यंत्र मिळाल्यावरही घरचं काम उरतं. आपल्या पावसात श्रवणयंत्र ओलाव्याने बंद पडतं. रात्री ते सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, बॅटरीचा दरवाजा उघडा. बूट किंवा डब्यांसोबत येणाऱ्या पुड्या जमवून ठेवा आणि वाटा.

शहापूर-मुरबाडमध्ये मूल बोलत नाही म्हणून लोक आधी मुंबईची वाट धरतात, ती वाट त्यांना परवडत नाही, आणि अर्ध्यात सोडून देतात. तुमची इंटर्नशिप संपेल, नोंदणी क्रमांक हातात येईल, तेव्हा अंधेरी किंवा पुण्याच्या खासगी क्लिनिकचे प्रस्ताव येतील. पगार बघून ते घ्याही. पण आठवड्यातला एक दिवस आसनगाव किंवा मुरबाडला ठेवा आणि त्याची पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा.